एएनसीची (प्रसूतीपूर्व तपासणीची) केस: गुंतागुंत नेमकी कुठे हुकते?

अर्धविराम

तोंडी परीक्षेत प्रीएक्लॅम्पसियाची, म्हणजे गर्भारपणात नव्याने बीपी वाढून इतर अवयवांना त्रास देणाऱ्या आजाराची, व्याख्या विचारली की सगळे धडाधड म्हणून दाखवतात. त्याच विद्यार्थ्याला बीपी मोजायला सांगा: पट्टा बाहीवरून बांधलेला, हात हवेत लोंबतोय आणि बाई आत्ताच जिना चढून आलेली. म्हणून या धाग्यात याद्या नकोत, मोजमापांपासून सुरू करू. गर्भारपणातली बहुतेक गुंतागुंत दुर्मीळ म्हणून हुकत नाही. आकडा चुकीचा घेतल्यामुळे हुकते, नाहीतर आजचा आकडा मागच्या भेटीच्या आकड्याशेजारी ठेवून न पाहिल्यामुळे.

सगळ्यात आधी तारीख. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात ७ दिवस आणि ९ महिने मिळवा. पाळी १० मे, तर ईडीडी (प्रसूतीची अपेक्षित तारीख) १७ फेब्रुवारी. हे गणित २८ दिवसांचं चक्र गृहीत धरतं. चक्र नियमित ३५ दिवसांचं असेल तर आणखी ७ दिवस, म्हणजे २४ फेब्रुवारी. नुसतं "पाळी कधी आली होती" विचारून थांबू नका. ती नेहमीसारखी होती का, आधीचे तीन महिने नियमित होती का, गोळ्या नुकत्याच बंद केल्या होत्या का, बाळ अंगावर पीत होतं का, हे चार प्रश्न जोडीला हवेतच. गर्भ रुजताना झालेलं थोडंसं रक्त पाळी म्हणून नोंदलं गेलं की सगळा हिशोब सुमारे महिनाभराने सरकतो.

पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीतली सीआरएल (बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी) ही तारखेची सर्वात भरवशाची साक्षीदार. ८ आठवडे ६ दिवसांपर्यंत पाळी आणि सोनोग्राफीत ५ पेक्षा जास्त दिवसांचा फरक असेल, किंवा ९ ते १३ आठवडे ६ दिवसांत ७ पेक्षा जास्त, तर सोनोग्राफीची तारीख धरा. एकदा ठरली की मग तिला हात लावायचा नाही. घोळ इथेच होतो. आधीच्या सोनोग्राफीप्रमाणे ३४ आठवडे आहेत, आजची सोनोग्राफी ३१ म्हणते, आणि कोणीतरी फाइलवर "तारीख सुधारली" असं लिहून मोकळं होतं. सुधारलं काहीच नाही. बाळाची वाढ खुंटलीय आणि तो पुरावाच कागदावरून पुसला गेलाय.

मग फंडसची, म्हणजे गर्भाशयाच्या वरच्या टोकाची, उंची. मूत्राशय रिकामं हवं. भरलेलं असेल तर उंची ३ सेंटीमीटरपर्यंत वाढून येऊ शकते. गर्भाशय बहुधा उजवीकडे कललेलं असतं, ते आधी मध्यावर आणा. तळहाताच्या करंगळीकडच्या कडेने वरून खाली येत फंडस शोधा. टेप उलटी धरा, आकडे पोटाकडे. फंडसपासून सिम्फिसिसच्या (ओटीपोटाखालच्या जघनास्थीच्या सांध्याच्या) वरच्या कडेपर्यंत मोजा आणि शेवटी टेप उलटून आकडा वाचा. आकडे आधी दिसत राहिले तर बोटं आपोआप "अपेक्षित" आठवड्यावर जाऊन थांबतात. २४ आठवड्यांनंतर सेंटीमीटर आणि आठवडे साधारण जुळतात, २ चा फरक चालतो. पण २८ला २८, ३२ला ३०, ३४ला ३१ अशी रांग दिसली तर पहिल्या दोन भेटी "चालण्यासारख्या" होत्या म्हणून गप्प बसू नका. रांगच सांगतेय की वाढ मंदावलीय.

नवशिका

मॅडम, वाचनखूण साठवली. बीपीबद्दल दोन शंका. डाव्या कुशीवर झोपवून घेतलेलं बीपी चालतं का? आणि आधी ९०/६० असलेली बाई आज १२४/८२ असेल तर तिला प्रीएक्लॅम्पसिया म्हणायचं का? जुन्या नोट्समध्ये ३० आणि १५ ने वाढ असं काहीतरी आहे.

अर्धविराम

डाव्या कुशीवर असताना वरच्या, म्हणजे उजव्या हातावर घेतलं तर हात हृदयाच्या वर जातो आणि बीपी खोटं कमी येतं. १५०/१०० ची बाई "झोपवल्यावर नॉर्मल" होते ती अशी. बसवून घ्या: पाठीला टेकू, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात हृदयाच्या पातळीवर टेकवलेला, आधी ५ मिनिटं विश्रांती. पट्ट्याच्या आतल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या सुमारे ४० टक्के आणि लांबी ८० टक्के हवी. जाड दंडावर लहान पट्टा बांधला की आकडा फुगतो. डायास्टोलिकसाठी (खालच्या आकड्यासाठी) आवाज पूर्ण बंद होतो तो बिंदू, म्हणजे कोरोटकॉफ ५ घ्या. आवाज शून्यापर्यंत ऐकू येत राहिला तरच कोरोटकॉफ ४ (आवाज एकदम मंद होतो तो बिंदू).

३०/१५ ची अट व्याख्येतून केव्हाच गेली. तरीही अशा बाईला चार आठवड्यांनी बोलावू नका, लवकर बोलावा. व्याख्येतली बीपीची अट अशी: ४ तासांच्या अंतराने दोनदा १४०/९० किंवा वर. १६०/११० असेल तर चार तास थांबायचं नाही, १५ मिनिटांत पुन्हा मोजून औषध सुरू.

एक सापळा लक्षात ठेवा. बीपी पहिल्या तिमाहीच्या शेवटापासून उतरतं आणि मधल्या तिमाहीत सर्वात खाली असतं. मूळचाच उच्च रक्तदाब असलेली बाई १८व्या आठवड्यात पहिल्यांदा आली तर १२६/८० दाखवते, ३२व्या आठवड्यात १४६/९४ होते, आणि आपण "गर्भारपणात नवीन" असा शिक्का मारतो. ८ ते १० आठवड्यांतलं बीपी लिहून ठेवलेलं असणं म्हणून इतकं महत्त्वाचं.

कातरवेळ

पायावर सूज आणि लघवीत प्रोटीन ही जोडगोळी शोधायची, असं आम्हाला शिकवलं. ते चुकीचं का?

रात्रपाळी

अर्धवट आहे. सूज व्याख्येतून गेली, कारण निरोगी गर्भवतींपैकी निम्म्याहून जास्त जणींना शेवटी शेवटी पायावर सूज येतेच. चेहरा, हात, पोटाची भिंत सुजली, आठवड्यात अचानक वजन वाढलं, तर मात्र कान टवकारा. प्रोटीनही आता सक्तीचं नाही. नवीन उच्च रक्तदाबासोबत पुढचं काहीही एक असेल तर प्रोटीनशिवाय निदान होतं: प्लेटलेट १ लाखाच्या खाली, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) १.१ च्या वर किंवा मूळच्या दुप्पट, यकृताची एन्झाइम्स (एएसटी, एएलटी) दुप्पट, फुप्फुसात पाणी, औषधाने न जाणारी नवी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधारी. प्रोटीन मोजायचंच तर २४ तासांत ३०० मिग्रॅ, किंवा प्रोटीन-क्रिएटिनिन गुणोत्तर ०.३. यातलं काहीच हाताशी नसेल तर पट्टीवर २+. पट्टी तपासताना नमुना मधल्या धारेचा हवा. योनिस्राव मिसळला की १+ फुकट मिळतो.

उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या खळगीत दुखतंय म्हणणाऱ्या तिसऱ्या तिमाहीतल्या बाईला अ‍ॅसिडिटीची गोळी देण्याआधी बीपी घ्या, आणि प्लेटलेट, एएसटी, एएलटी, एलडीएच पाठवा. हेल्प सिंड्रोम (रक्तपेशी फुटणं, यकृत बिघडणं आणि प्लेटलेट घटणं) असाच येतो. कधी बीपी फारसं वाढलेलं नसतानाही येतो, म्हणून तर फसवतो.

हिमोग्लोबिनचाही एक किस्सा असतो. २८ आठवड्यांना १०.८, ३४ला १३.२. गोळ्या लागू पडल्या म्हणून खूश व्हायचं कारण नाही; बीपी वाढत असेल तर ही रक्त घट्ट झाल्याची खूण आहे. प्रीएक्लॅम्पसियात प्लाझ्मा (रक्तातला द्रव) वाहिन्यांबाहेर झिरपतो. म्हणूनच या बाईला प्रसूतीत थोडा रक्तस्रावही सोसत नाही, आणि म्हणूनच सलाइन ओतून "भरून काढायला" गेलं की ते फुप्फुसात जातं. तोंडाचं आणि शिरेतलं धरून एकूण पाणी ताशी ८० मिलिच्या आसपास ठेवा.

नवशिका

एक्लॅम्पसियासाठी (प्रीएक्लॅम्पसियात येणारे आकडीचे झटके) द्यायच्या मॅग्नेशियमचं गणित कोणी पायरीपायरीने सांगेल का? परीक्षेत प्रिचर्डची पद्धत, वॉर्डात झुस्पानची, आणि अँप्यूलवर टक्के.

रात्रपाळी

अँप्यूल बहुधा ५० टक्के, २ मिलि, म्हणजे एका अँप्यूलमध्ये १ ग्रॅम. तरी लेबल दर वेळी वाचाच, वेगळी तीव्रताही मिळते.

प्रिचर्ड: शिरेतून ४ ग्रॅम, २० टक्क्यांचं द्रावण करून. चार अँप्यूल म्हणजे ८ मिलि, त्यात १२ मिलि इंजेक्शनचं पाणी किंवा सलाइन, झाले २० मिलि. ५ मिनिटांत, सावकाश. घाईने दिलं तर बाई लालबुंद होते, ओकते, बीपी कोसळतं. लगेच प्रत्येक नितंबात खोल ५ ग्रॅम, म्हणजे ५० टक्क्यांचे न पातळ केलेले १० मिलि, त्यात २ टक्के लिग्नोकेन १ मिलि. लोडिंग (सुरुवातीचा मोठा डोस) एकूण १४ ग्रॅम. नंतर दर ४ तासांनी ५ ग्रॅम, आलटून पालटून एकेका बाजूला.

झुस्पान: शिरेतून ४ ग्रॅम, मग ताशी १ ग्रॅम. ५०० मिलि सलाइनमधून ४० मिलि काढून टाका आणि ४० मिलि मॅग्नेशियम घाला, म्हणजे २० ग्रॅम. आता १ मिलित ४० मिग्रॅ, तर ताशी १ ग्रॅमला २५ मिलि प्रति तास. ४० मिलि काढायचे राहिले तर तीव्रता थोडी कमी होते, त्याने फार बिघडत नाही. बिघडतं ते पंप नसताना थेंबांवर सोडलेली बाटली बाईच्या हालचालीने धो धो वाहते तेव्हा. पंप नाही, पाहायला माणूस नाही, तिथे प्रिचर्ड बरा, दुखला तरी.

प्रत्येक पुढच्या डोसाआधी तीन गोष्टी: गुडघ्याचा झटका (हातोडीने ठोकल्यावर पाय उडणं) आहे, श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त, मागच्या ४ तासांत लघवी १०० मिलिपेक्षा जास्त. मॅग्नेशियम बाहेर पडतं ते फक्त मूत्रपिंडातून. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर लोडिंग पूर्ण द्या, कमी करायचा तो पुढचा डोस. गुडघ्याचा झटका रक्तातलं मॅग्नेशियम लिटरला साधारण ७ ते १० मिलिइक्विव्हॅलंट झालं की जातो, श्वास त्यानंतर मंदावतो. गुडघ्याचा झटका गेला की पुढचा डोस थांबवायचा, श्वास मंदावायची वाट पाहायची नाही. उतारा: कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, १० मिलि, सावकाश शिरेतून. तो आधीच ट्रेमध्ये हवा, सिस्टरला कपाटाची किल्ली शोधायला लागू नये.

आकडीचा झटका पुन्हा आला तर आणखी २ ग्रॅम शिरेतून. प्रसूतीनंतर किंवा शेवटच्या झटक्यानंतर, जे नंतर असेल त्यापासून २४ तास सुरू ठेवा.

कातरवेळ

मॅग्नेशियमने बीपीही उतरतं ना?

रात्रपाळी

नाही, किंवा जे उतरतं ते थोडं आणि थोड्या वेळासाठी. झटक्यांसाठी मॅग्नेशियम, बीपीसाठी वेगळं औषध. लॅबेटालॉल शिरेतून २०, १० मिनिटांनी ४०, मग ८० मिग्रॅ, एकूण ३०० पर्यंत. दमा, हृदय निकामी होणं किंवा नाडी मंद असेल तर नको. किंवा निफेडिपिन १० मिग्रॅ गिळायला, २० मिनिटांनी २०. जिभेखाली फोडून घालायची जुनी पद्धत सोडा, बीपी एकदम कोसळतं आणि वारेचा (प्लासेंटाचा) रक्तपुरवठा त्या दाबावरच चालतो. लक्ष्य १४०-१५०/९०-१००, १२०/८० नव्हे.

१९९५च्या कोलॅबोरेटिव्ह एक्लॅम्पसिया ट्रायलने मॅग्नेशियमपुढे डायझेपाम आणि फेनिटॉइन मागे टाकले, २००२च्या मॅगपाय ट्रायलने मॅग्नेशियममुळे एक्लॅम्पसियाचा धोका निम्म्याहून जास्त कमी होतो हे दाखवलं. तरीही झटका आला की काही हात अजून डायझेपामकडेच जातात. झटका चालू असताना पहिलं काम कुशीवर वळवणं, श्वासमार्ग आणि ऑक्सिजन. बहुतेक झटके मिनिट-दीड मिनिटात आपणहून थांबतात.

आणि प्रत्येक झटका एक्लॅम्पसिया नसतो. एका बाजूची कमजोरी, मॅग्नेशियम पुरेसं असूनही झटके, प्रसूतीनंतर ४८ तासांनी पहिल्यांदा आलेला झटका: मेंदूचं स्कॅन करा. मेंदूच्या शिरेत गुठळी असू शकते.

भूलवाला

वरील सगळ्याला +१. भूलतज्ज्ञाच्या बाजूने भर. बाईला मॅग्नेशियम चालू आहे हे आम्हाला टेबलावर नेण्याआधी सांगा, स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांचा असर त्याने लांबतो. प्लेटलेटचा आकडा सकाळचा नको, आत्ताचा हवा, आणि मागचे दोनही हवेत. स्थिर ८० हजारांवर मणक्यात सुई घालता येते. चार तासांत दीड लाखावरून ८० वर आले असतील तर गोष्ट वेगळी. पूर्ण भूल द्यायची वेळ आली तर श्वासनलिकेत नळी घालताना बीपी उसळतं आणि मेंदूत रक्तस्राव होतो, म्हणून त्याआधी बीपी आवरलेलं हवं. घसाही सुजलेला असतो, नेहमीपेक्षा बारीक नळी तयार ठेवतो.

आणि वार पडल्यावर सवयीने मिथिलअर्गोमेट्रिन (गर्भाशय आवळणारं, पण बीपीही वाढवणारं औषध) भरू नका. उच्च रक्तदाबात ऑक्सिटोसिन. कार्बोप्रोस्ट चालतं, पण दमा नसेल तरच.

नवशिका

अ‍ॅस्पिरिन किती द्यायचं, प्रीएक्लॅम्पसिया टाळायला? एका पुस्तकात ७५, एकात ८१, एकात १५०.

अर्धविराम

तिन्ही ठिकाणी लोक आपापलं धरून बसलेत. २०१७च्या अ‍ॅस्प्रे ट्रायलमध्ये १५० मिग्रॅ रात्री, ११ ते १४ आठवड्यांत सुरू करून ३६ पर्यंत दिलं, आणि ३७ आठवड्यांआधी होणारा प्रीएक्लॅम्पसिया ४.३ टक्क्यांवरून १.६ वर आला. माझा कल १५० कडे. पण डोसावर वाद घालण्यापेक्षा वेळेवर सुरू होणं महत्त्वाचं: १६ आठवड्यांच्या आत. आधी प्रीएक्लॅम्पसिया झालेला, मूळचा उच्च रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, ल्युपस किंवा अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम, जुळं: यातलं एक असलं तरी पुरे. ३२व्या आठवड्यात बीपी वाढल्यावर अ‍ॅस्पिरिन सुरू करणं म्हणजे वरातीमागून घोडं.

टाका_दोरा

रक्तस्रावाबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून. मी सुरुवात करतो.

गर्भारपणाच्या उत्तरार्धात रक्त गेलं की वार कुठे आहे हे कळेपर्यंत बोटाने आतली तपासणी नाही. हे सगळ्यांना पाठ असतं, पण त्यामागचं कारण विचारलं की गाडी अडते. वार गर्भाशयाच्या मुखावर असेल तर बोट थेट तिच्यात शिरतं आणि मिनिटांत लिटरभर रक्त जातं. योनिमार्गे सोनोग्राफी मात्र चालते, उलट तीच अचूक: प्रोब मुखाच्या दिशेने कोनात राहतो, मुखात शिरत नाही. वारेची कड आतल्या मुखापासून २० मिमीच्या आत असेल तर खाली आहे म्हणायचं. २० आठवड्यांना खाली दिसलेली वार बहुतेकींत पुढे वर सरकते, म्हणून ३२ला पुन्हा पाहा. आधीचं सिझेरियन आणि पुढच्या बाजूला खाली बसलेली वार ही जोडी दिसली तर वार व्रणात घुसली आहे का ते मुद्दाम शोधा. ते ऑपरेशन टेबलावर कळणं सर्वात वाईट.

प्रीव्हियात (वार मुखावर) जेवढं दिसतं तेवढं जातं. अ‍ॅब्रप्शनमध्ये (वार वेळेआधीच सुटणं) तसं नाही. कापडावर दोन चमचे, आणि आत, वारेमागे, लिटरभर. पोट लाकडासारखं ताठ, सतत दुखणारं, कळांच्या मधेही सैल न होणारं. सोनोग्राफीत गुठळी दिसली नाही म्हणून अ‍ॅब्रप्शन नाही असं कधीही लिहू नका. ताजं रक्त वारेसारखंच दिसतं, निदान पोटावर हात ठेवून होतं.

आता खरा सापळा. प्रीएक्लॅम्पसियाची बाई, कालपर्यंत १६०/१००, आज दुखतंय म्हणून आली, बीपी १२०/७८. इंटर्न लिहितो "बीपी आटोक्यात". ती शॉकमध्ये चाललीय. तरुण गर्भवतीचं बीपी लिटर-दीड लिटर रक्त जाईपर्यंत तग धरू शकतं. नाडीला सिस्टोलिकने (बीपीच्या वरच्या आकड्याने) भागा, ०.९ किंवा वर गेलं की हालचाल सुरू करा. नाडी ११२, सिस्टोलिक १२०, म्हणजे ०.९३. कागदावर दोन्ही आकडे "ठीक" वाटतात.

तिसरा प्रकार विसरू नका: पाणमोट फुटताक्षणी थोडं रक्त आणि लगेच बाळाचे ठोके घसरले, आई मात्र ठणठणीत. वासा प्रीव्हिया, म्हणजे बाळाच्या रक्तवाहिन्या मुखावरून गेलेल्या. ते रक्त बाळाचं आहे, आणि पूर्ण दिवसांच्या बाळात एकूण रक्तच २५० ते ३०० मिलिच्या आसपास. तिथे तपासण्या पाठवत बसायचं नाही, सरळ सिझेरियन.

पिवळी_चिठ्ठी

प्रयोगशाळेतून एक तक्रार. आमच्या चिठ्ठीवर उजव्या रकान्यात छापलेलं "नॉर्मल" गर्भवतीचं नसतं, आणि वॉर्डात सगळे तेच वाचतात.

फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रोटीन): चिठ्ठी म्हणते २०० ते ४००. तिसऱ्या तिमाहीत ते ४०० ते ६०० असतं. म्हणजे अ‍ॅब्रप्शनमध्ये २०० आलं तर ते "कमीतकमी नॉर्मल" नाही, अर्ध्याहून जास्त संपलेलं आहे. चाचणी नसेल तर साध्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन मुठीत धरा. ७ मिनिटांत गुठळी झाली नाही, किंवा झाली आणि हलवल्यावर मोडली, तर रक्त गोठत नाही असं समजा. नळी काचेचीच, प्लास्टिकमध्ये वेळ लांबते.

क्रिएटिनिन: मूत्रपिंडाचा गाळण्याचा वेग सुमारे ५० टक्क्यांनी वाढतो, म्हणून ०.४ ते ०.८ अपेक्षित. १.० वर आमच्याकडे लाल खूण येत नाही, तुमच्या डोक्यात यायला हवी.

कार्बन डायऑक्साइड: धमनीतला दाब ३० च्या आसपास. दम्याच्या झटक्यातल्या गर्भवतीचा ४० आला तर ती दमून चाललीय. बायकार्बोनेटही १८ ते २२, म्हणून मधुमेहात किटोअ‍ॅसिडोसिस कमी साखरेवरही होतो.

अल्कलाइन फॉस्फटेज वारेतून येतं, वाढलेलं असलं तरी यकृताला दोष देऊ नका. पण एएसटी-एएलटी गर्भारपणामुळे वाढत नाहीत. वाढले तर कारण शोधा.

नवशिका

हे तर कुठे एका जागी वाचलंच नव्हतं. आरएच निगेटिव्ह आईला देतात त्या अँटी-डीचं गणितही सांगाल का?

पिवळी_चिठ्ठी

आई निगेटिव्ह. आधी इनडायरेक्ट कूम्ब्स (तिच्या रक्तात बाळाच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं आहेत का ते पाहणारी चाचणी). निगेटिव्ह असेल तर २८ आठवड्यांना ३०० मायक्रोग्रॅम, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर ७२ तासांत पुन्हा. रक्त घेऊन मग इंजेक्शन, हा क्रम उलटा नको. दिलेलं अँटी-डीच पुढे काही आठवडे कूम्ब्स क्षीण पॉझिटिव्ह दाखवतं आणि सगळे घाबरतात. ती खरोखर संवेदनशील झाली असेल, म्हणजे तिने स्वतःच प्रतिपिंडं बनवली असतील, तर अँटी-डीचा उपयोग नाही. मग टायटर (प्रतिपिंडांचं प्रमाण), आणि पुढे बाळाच्या मेंदूतल्या धमनीतला रक्तवेग: १.५ मोमच्या (त्या आठवड्याच्या मध्यकाच्या दीडपटीच्या) वर गेला तर बाळाला अ‍ॅनिमिया आहे असं धरायचं.

३०० मायक्रोग्रॅम बाळाचं ३० मिलि रक्त झाकतं. पोटावर मार, अ‍ॅब्रप्शन, वार हाताने काढणं, अशा वेळी क्लायहावर-बेटके (आईच्या रक्तात बाळाच्या पेशी किती टक्के ते मोजणारी चाचणी) करा. समजा १.६ टक्के आले. आईचं रक्त ५००० मिलि धरून ८० मिलि. भागिले ३० म्हणजे २.६७, जवळचा पूर्णांक ३, आणि सुरक्षेसाठी एक जास्त: ४ डोस. एक देऊन मोकळं झालं असतं तर पुढच्या गर्भारपणात किंमत मोजावी लागली असती. गर्भपात, एक्टोपिक, अम्नियोसेंटेसिस यानंतर अँटी-डी विसरलं जातं, कारण तिथे "प्रसूती" हा शब्दच नसतो.

कातरवेळ

जीटीटीमध्ये (ग्लुकोज पाजून साखर मोजायच्या चाचणीत) नेमकं काय चुकतं? आकडे पाठ आहेत: उपाशी ९२, एका तासाला १८०, दोन तासांना १५३, एक जरी गाठला तरी जीडीएम (गर्भारपणातला मधुमेह).

अर्धविराम

आकडे बरोबर. चुकतं ते असं: ७५ ग्रॅम ग्लुकोज २५०-३०० मिलि पाण्यात, ५ मिनिटांत संपवायचं, आणि घड्याळ पहिल्या घोटापासून. शेवटच्या घोटापासून मोजलं तर प्रत्येक नमुना उशिरा जातो. मधे उलटी झाली तर चाचणी रद्द. दोन नमुन्यांमध्ये बाई फिरून आली तर साखर खोटी कमी. नळी फ्लोराइडची, नाहीतर पेशी साखर खात राहतात. फुप्फुसांसाठी स्टेरॉइड दिलं असेल तर निदान आठवडाभर ही चाचणी नको.

आणखी दोन गोष्टी. पहिल्या तिमाहीतच साखर मधुमेहाच्या पातळीवर असेल तर तो जीडीएम नव्हे, आधीचा मधुमेह. बाळाच्या हृदयाचे आणि मणक्याचे दोष त्यात येतात, कारण अवयव घडताना साखर जास्त होती. दुसरं: ३६व्या आठवड्यात इन्सुलिनची गरज अचानक उतरली तर साखर सुधारली म्हणू नका. गरज वाढवणारी हार्मोन्स वार बनवते. वार थकलीय का, ते बाळाच्या हालचाली आणि डॉप्लरने (रक्तप्रवाहाच्या सोनोग्राफीने) पाहा.

टाका_दोरा

स्टेरॉइडचा विषय निघालाच आहे तर: बीटामेथासोन १२ मिग्रॅ, २४ तासांच्या अंतराने दोनदा, किंवा डेक्सामेथासोन ६ मिग्रॅ, १२ तासांनी चार डोस, स्नायूत. ३४ आठवड्यांच्या आत आणि येत्या ७ दिवसांत प्रसूतीची शक्यता असेल तेव्हाच. "असू दे" म्हणून ३० आठवड्यांना दिलेला कोर्स ३३ला फारसा कामी येत नाही. दुसरा डोस मिळणार नाही अशी भीती असली तरी पहिला द्या. ३२ आठवड्यांच्या आत बाळ येणार असेल तर बाळाच्या मेंदूसाठी मॅग्नेशियम ४ ग्रॅम, मग ताशी १ ग्रॅम. झुस्पानचंच गणित.

वेळेआधी पाणी गेलं असेल तर स्पेक्युलमने (योनी उघडून पाहायच्या साधनाने) पाहा, पाठीमागच्या कोनाड्यात साठलेलं पाणी दिसतं, खोकायला सांगा. कळा नसतील तर बोट घालू नका, प्रत्येक तपासणी जंतू वर ढकलते. एरिथ्रोमायसिन २५० मिग्रॅ दिवसातून चारदा, १० दिवस. कोअ‍ॅमॉक्सिक्लॅव्ह टाळा: २००१च्या ओरॅकल ट्रायलमध्ये त्या गटातल्या बाळांत आतड्याचा नेक्रोटायझिंग एंटरोकोलायटिस (आतड्याची भिंत सडणं) जास्त आढळला.

नवशिका

शेवटची शंका. ३४ आठवडे, सगळं नॉर्मल, फक्त खाज. पुरळ नाही. कॅलामाइन लावून घरी पाठवायचं का?

रात्रपाळी

तळहात-तळपाय, रात्री जास्त, अंगावर फक्त खाजवल्याचे ओरखडे? तर पित्त साचत असेल (कोलेस्टेसिस); बाइल अ‍ॅसिड आणि एएलटी पाठवा. आज नॉर्मल आले आणि खाज टिकली तर आठवड्याने पुन्हा, कारण खाज आधी येते आणि आकडे मागून. बाइल अ‍ॅसिड १०० मायक्रोमोलच्या वर गेलं तर बाळ पोटात दगावण्याचा धोका खरोखर वाढतो, तिथे ३६ आठवड्यांच्या आसपास प्रसूती. हा धोका सीटीजीवर (बाळाच्या ठोक्यांच्या आलेखावर) आधी दिसत नाही, म्हणून "ट्रेस छान आहे" या भरवशावर तारीख पुढे ढकलू नका. अर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिडने खाज थोडी कमी होईल, बाळाचा धोका कमी होतो असं समजू नका. पुरळ पोटाच्या स्ट्रेच मार्कांवर, बेंबी सोडून असेल तर ते वेगळंच, त्याला खुशाल मलम द्या.